बारा मिनिटांच्या अल्बमातला धवला

सत्यवतीला माइक आवडत नाही. माइकलाही ती आवडत नसावी, कारण तिने तोंड उघडलं की तो शिट्टी मारतो आणि गप्प होतो. पनवेलजवळ, शिरढोणच्या अलीकडच्या गावात लग्नघरी हळदीला धवला गाणारी ती धवलारीण. वय बासष्ट, आवाज अठ्ठाविसाचा. धवला गायचा म्हणजे आधी देवांची नावं घ्यायची, मग नवरा-नवरीच्या माणसांची, एकेक करून गाण्यात ओवायची. हल्ली हळदीला डीजे येतो आणि धवलारणीला कोपऱ्यातला पाट नि दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत सत्यवती अख्ख्या मांडवाला खाली बसवते.

नावांच्या बाबतीत ती तहसील कचेरीहून कडक. त्याला कारण तुळशीराम. अकरा वर्षांपूर्वी एका हळदीत नवरीचा हा मामा तिच्या गाण्यातून राहून गेला. मामा तडक उठला, न जेवता घरी गेला, आणि आजही सत्यवतीच्या दारावरून जाताना मान पलीकडे वळवतो. एव्हाना मान तशीच आखडली असेल. तेव्हापासून सत्यवती सगळी नावं विचारून, दोनदा घोकून मगच गायला बसते.

एक धवला मात्र तिने मनात कधीचा तयार ठेवला होता. भाची दीपिकाचा. आईबापाविना पोर तिनेच वाढवलेली. त्या धवल्यात गावदेवी होती, दीपिकाचे गेलेले आईबाप होते, फक्त एका नावाची जागा रिकामी होती. दीपिका एकोणतीस वर्षांची झाली, बेलापूरला नोकरीला लागली, ड्रम वाजवायला शिकली. जागा रिकामीच.

आणि एके दिवशी दीपिका आपला बँड घेऊन दारात उभी राहिली. गाणं ओरडणारी आभा, गिटार आणि लॅपटॉप सांभाळणारा सत्यजीत, बेस वाजवणारी रंभा. त्यांचं संगीत हार्डकोर पंक, म्हणजे गाणं पाऊण मिनिटात संपतं आणि कान दोन दिवस वाजत राहतात. खारघरच्या तीन सोसायट्यांनी हरकत घेऊन त्यांना हाकललं होतं, म्हणून त्यांनी बँडचंच नाव ‘हरकत’ ठेवलं. आता अल्बम रेकॉर्ड करायचा होता. सत्यवतीच्या माडीवर लग्नाच्या पाहुण्यांसाठी गाद्या रचलेल्या होत्या. त्या भिंतींना उभ्या लावल्या आणि काम सुरू झालं.

चहाला सगळे खाली आले. रंभाने सांगितलं, की घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं, पण रंभा हे नाव तिचं तिने ठेवलंय.

“सोताचा बारसा सोता केलास? मंग घुगऱ्या कोनी वाटल्या?” सत्यवतीने विचारलं आणि तिच्या हातावर दोन लाडू जास्त ठेवले.

मग ती तिच्या लाडक्या विषयावर आली. “एवढी गानी करता, आमच्या दीपिकाला एक नवरा शोधा. माज्या धवल्यात एकच नाव कमी हाय.”

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. दीपिकाने कप खाली ठेवला. “नाव हाय, आत्या. आभा.”

“ती तं तुजी मैत्रीन ना?”

“तशी नाय. तू धवल्यात नवऱ्याचं नाव गातेस ना, तशी.”

चुलीवरचा दुसरा चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

पुढचे दोन दिवस सत्यवतीने चहा दिला, जेवण दिलं, पण एक शब्द बोलली नाही. वरचा कल्लोळ सोडला तर घरात इतकी शांतता, की कुणी गेलं की काय म्हणून शेजारीण डोकावून गेली. इतकी वर्षं जपलेला धवला फुकट गेला याचं सत्यवतीला रडू येत होतं. आणि पोरीने हे आपल्यापासून इतकी वर्षं लपवलं, याचं त्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी ती खाली तांदूळ निवडत होती. वर नेहमीचा कल्लोळ चालू होता. अचानक त्यात आभाचा फाटका आवाज तिला नीट ऐकू आला. “रंभा!” आणि सगळे मिळून, “हाय!” “इंद्रजीत!” “हाय!” “चारुता!” “हाय!” सूप तसंच टाकून ती जिना चढली.

“ही कोनाची नावं घेताव?”

“आमच्या माणसांची,” दीपिका म्हणाली. “कुणी आमच्यासारखी, कुणी रंभासारखी. ह्यांची नावं ह्यांच्या घरात आता कोनी घेत नाय. म्हणून अल्बमच्या शेवटी आमी घेतो.”

सत्यवतीचा पारा चढला.

“मंग नीट तरी घ्या! देवाच्या आदी मानसं? मोठ्यांच्या आदी पोरं? काय रीत हाय का नाय? सरा बाजूला, मी गाते. पन पुरा गाईन.”

“पुरा म्हणजे किती, आत्या?” सत्यजीतने भीतभीत विचारलं.

“पंधरा मिंटं.”

“अख्खा अल्बम बारा मिनिटांचा आहे.”

“मंग तुमचा अल्बम लय घाईत हाय,” सत्यवती म्हणाली आणि नावं विचारायला बसली.

आभा म्हणाली, “माझ्या आई-बाबांची नका घेऊ. नवीन पनवेललाच राहतात, पण चार वर्षांत मला दार उघडलेलं नाही. त्यांनी मला सोडलंय.”

“त्यांनी सोडलं असंल. मी एक मामा सोडला तं अकरा वरसं भोगतंय. नाव घेतलं म्हंजे त्यांचा पाट मांडला. बसायचं का नाय ता त्यांचा त्यांनी ठरवावा. नावं सांग.”

दिवसभर ओरडणारी आभा जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू बोलली. “शशिकला. कमलाकर.”

हळदीच्या वाटीशिवाय धवला होत नाही, म्हणून हळद कालवली गेली. दीपिका आणि आभाला गादीवर शेजारी बसवलं. सत्यजीतने माइक दोन हात मागे घेतला, मग चार हात, शेवटी जिन्यात नेऊन ठेवला. सत्यवतीने डोळे मिटले.

*पयलं नाव गावदेवीचं, हळदीला ये गो आई,*
*दुसरं नाव शशिकलेचं, पाटावं बस गो बाई…*

मग गाण्यात कमलाकर आला, रंभा आली, इंद्रजीत-चारुता आले, आणि कुणी सांगितलं नसताना तुळशीराम मामाही मानाने येऊन बसला. शेवटी ती रिकामी जागा आली. तिने तिथे आभाचं नाव ठेवलं आणि दोघींच्या गालांना हळद लावली. दीपिका लहानपणी रडायची तशी, नाक ओढत रडत होती.

धवला संपला. सत्यजीतने डोळे पुसत हेडफोन काढला. “आत्या, कमाल! फक्त मध्येच वरून विमान गेलं. आणखी एक टेक घेऊ या?”

सत्यवतीने पिवळी बोटं पदराला पुसली.

“येडा हायस का रं? हळद काय दोनदा लावतेत?”

विमान अल्बममध्ये तसंच राहिलं.