डाळीएवढा चेहरा

जळगावात माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि मेगापिक्सेलवरून मी जितकी भांडणं केली तितकी घरातही केली नसतील. नवा कॅमेरा घेणारा जो तो येऊन विचारतो, पंचेचाळीसचा घेऊ की साठचा? मी उलट विचारतो, फोटो कशाचे काढणार? पासपोर्ट फोटोवाल्याला सहाचा जुना कॅमेरा जन्मभर पुरतो. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स दहा फुटी असला तरी माणसं तो रस्त्यापलीकडून, चालत्या गाडीवरून बघतात; त्याला आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. केळीच्या पानावरचा करपा रोग कुणाला दाखवायचा तर मोबाइलही चालतो, फक्त हात हलता कामा नये. सराफाचं तेवढं वेगळं. पोतीतला एकेक मणी स्क्रीनभर करून बघणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं, त्याला मिळतील तेवढे कमीच. बाकी सगळा दुकानदारांनी उडवलेला धुरळा, असं मी छातीठोकपणे सांगायचो. हल्ली सांगताना जीभ अडखळते.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते रोलच्या काळातले. लग्नात स्टेजवर आहेर द्यायला माणसांची रीघ लागते, आणि प्रत्येकाला नवरा-नवरीबरोबर फोटो हवा असतो. ज्यांचा फोटो अल्बममध्ये जाणार नाही हे उघड असायचं, त्यांच्यासाठी माझे गुरू नुसता फ्लॅश उडवायचे. माणूस खूश, रोल शिल्लक. मी तसं कधी केलं नाही, याचा मला अभिमान होता. मी फक्त फोटो लहान करायचो. कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, पण पुढच्या बाजूला बोटाखाली एक बटण मी त्यासाठीच लावून ठेवलं होतं. ते दाबलं की फोटो सर्वांत लहान मापात आणि हलक्या दर्जात निघायचा. पाव्हणे, व्याही, पुढारी आले की मोठा. आचारी, मांडववाले, शेतावरची माणसं आली की बोट आपोआप बटणावर. विचारही करावा लागत नसे.

धुळ्याला एक लग्न होतं. नवरी रावेरकडच्या केळीवाल्या बागायतदाराची. त्यांनी मळ्यातल्या मजुरांनाही गाडी करून आणलं होतं. मजुरांचा घोळका स्टेजवर आला, मी बटण दाबलं, एक फोटो काढला आणि पुढच्या पाव्हण्यांना हात केला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मला त्या फोटोची आठवणही झाली नाही.

मग एका सकाळी तिशीतली एक बाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन थांबली. आत ये म्हटलं तरी येईना.

"भाऊ, धुयाना लगनमा फोटो काढनारा तुमीच ना?" तिनं विचारलं. "मनी माय गयी. तिना एकबी फोटो नही शे. त्या दिन ती स्टेजवर चढनी व्हती."

आई केळीच्या मळ्यात कामाला होती. कुणी मोबाइल समोर धरला की पदर तोंडावर घ्यायची. आधार कार्डावर नुसती काळी सावली उरलेली. त्या लग्नात मालकीणबाईंनी हाताला धरून स्टेजवर ओढलं, तेव्हाच काय ती उघड्या तोंडानं उभी राहिली. आता चार दिवसांवर गंधमुक्ती आली होती. सुतक फिटण्याच्या त्या दिवशी भाऊबंद जमणार, आणि फुलं वाहायला आईचा फोटो नाही.

मी म्हणालो, "होऊन जाईल, अक्का. मोठा करून देतो."

ती गेली आणि मी त्या लग्नाचे फोटो शोधायला बसलो. बटणाची आठवण मला तिच्यासमोरच झाली होती, तरी हो म्हणून बसलो होतो. आधी वाटलं, फोटो राहिलाच नसेल. त्या भीतीत थोडी सुटकाही होती, हे कबूल करतो. पण फोटो होता. पंचवीस-तीस माणसं, आणि डाव्या टोकाला, सगळ्यांपासून वीतभर लांब, एक हडकुळी बाई. चेहरा स्क्रीनवर तुरीच्या डाळीएवढा. मोठा करत गेलो तसे डोळे विरघळले, नाक गेलं, शेवटी नुसते तपकिरी चौकोन उरले. मी मागे घेतलं, पुन्हा मोठा केला. लोकांना मेगापिक्सेल शिकवणारा मी, आणि एका बाईचं उभ्या जन्मातलं एकच तोंड मी स्वतःच्या बोटानं पुसलं होतं.

हल्ली कॉम्प्युटरवर चेहरा साफ करून देणारी सोय असते. ती लावली. मिनिटभरात त्या चौकोनांतून एक बाई बाहेर आली. पाणीदार डोळे, पापण्यांचे केस मोजून घ्यावेत असे, गुळगुळीत गाल. मी खुर्ची मागे सरकवली. इतका स्वच्छ चेहरा बघून मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. ही कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि कॉम्प्युटरलाही नव्हतं. मग एकदम लक्षात आलं, या वयाच्या बाईच्या तोंडावर गोंदण असणार. लेकीला फोन करून, सहज विचारतोय असं दाखवत विचारलं. हनुवटीवर तीन ठिपके आणि कपाळावर एक, ती म्हणाली. मी ते हातानं काढले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दुकानात कुणी आलं की मी स्क्रीन झाकत होतो.

ती दुसऱ्या दिवशी आली. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती नाही म्हणेल याची धास्ती होती, आणि हो म्हणेल याची त्याहून जास्त.

"मायसारखीच दिसस," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण ती तो फोटो घरी नेणार, रोज बघणार, आणि वर्षा-दोन वर्षांत खरी आई पुसली जाऊन ही पाणीदार डोळ्यांची बाई तिची आई होऊन बसणार, हे मला लख्ख दिसलं. मी सांगून टाकलं. हे डोळे यंत्रानं केलेत, गोंदण मी काढलंय.

तिनं फोटो काउंटरवर पालथा ठेवला. "मंग मनी माय कोठे शे?"

मी अख्खा फोटो स्क्रीनवर उघडला. मला शोधावं लागलं होतं, तिला लागलं नाही. तिचं बोट सरळ डाव्या टोकाला गेलं. अख्खाच छापू म्हणालो तर ती दचकली. नव्या नवरा-नवरीला मृताच्या फोटोत घालून त्यावर हार चढवायचा? तो विषयच संपला. मग जेवढं कापून, जेवढ्या मापात ती शाबूत राहत होती, तेवढंच छापलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं. मोठ्या चौकटीत, पांढऱ्या कागदाच्या मधोमध.

"इतला धाकला काबरं?" तिनं विचारलं.

"ती लांब उभी होती ना," मी म्हणालो. खोटं अर्धंच होतं, म्हणून ते सहज निघालं.

"ऱ्हाऊ द्या. वाकीसन दखतीन लोके."

गंधमुक्तीला मी गेलो. न जाण्याची हिंमत झाली नाही. मळ्यातल्या खोल्यांसमोर चौकट पाटावर ठेवली होती. एकेक माणूस फूल वाहायचा, मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकायचा, तेव्हा कुठे त्याला चेहरा दिसायचा. मालकीणबाई आल्या. त्याही वाकल्या, चष्मा सावरून बघत राहिल्या आणि तशाच वाकून म्हणाल्या, "आमचे फोटो तर दाराएवढे निघाले. हिचाच एवढासा का हो, भाऊ?"

त्यांनी सहज विचारलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, लेकही. लांब उभी होती, हे वाक्य तोंडाशी तयार होतं.

"मीच लहान काढला होता," मी म्हणालो. "मजूर आले की मी लहान काढायचो."

लेकीनं फुलांचं ताट उचललं आणि माझ्यासमोर धरलं. मी फूल घेतलं आणि वाकलो. इतक्या जवळून, त्या मापात, चेहरा नीट दिसत होता. अख्ख्या फोटोत बाकीचे मजूर नवरा-नवरीकडे बघत होते, हे मला आठवत होतं. ती एकटी समोर बघत होती, त्या दिवशी मी बटणावर बोट ठेवून जिथे उभा होतो तिथे. मागे रांग खोळंबली होती, तरी मला लवकर सरळ होता आलं नाही.