भुवयांच्या मधोमध

‘थोड्या वेळात म्हणजे किती वाजता?’ हा तिचा नेहमीचा प्रश्न. मॅनेजर ‘थोड्या वेळात रिपोर्ट दे’ म्हणाले, की ती वही उघडून उभी राहायची आणि खरोखर उत्तराची वाट बघायची. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल. त्याला तुम्ही काय नाव ठेवलं होतं, आठवून बघा. आम्ही तिला ‘मशीन’ म्हणायचो.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ती लॅबमध्ये नमुने तपासायची. शेजारच्या टेबलावर मी ऑफिसची कागदपत्रं सांभाळायचे. ती दिवाळे गावातल्या कोळ्यांची मुलगी, वय अडतीस, लग्न केलेलं नव्हतं. एक्झॉस्ट पंखा सुरू झाला की कानांत कापूस घालायची. कँटीनमध्ये एकटीच जेवायची, तेही ठरलेल्या खुर्चीवर. कुणी तिथे बसलं असेल, तर डबा हातात धरून ते उठेपर्यंत उभी.

एकदा मॅनेजरने तिला सुचवलं, माल अडकलाय, रिपोर्टमध्ये जरा सांभाळून घे. तिने सगळ्यांसमोर विचारलं, ‘म्हणजे खोटं लिहू का?’ तो टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या फाइलला ‘वर्तन उद्धट व हट्टी’ असं पत्र लागलं. ते टाइप मी केलं.

ऑटिझमबद्दल तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचताना कुणी आपल्यावरच लिहिलंय असं तिला वाटलं. ऑफिसचं पत्र मिळाल्यावर ते घेऊन ती एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला. डोळ्यांत बघून बोलताय, नोकरी करताय, मग कसला ऑटिझम? तो लहान मुलांना असतो. लग्न करा, टेन्शन जाईल. चिठ्ठीच्या खाली लिहिलं होतं, स्वभाव हट्टी. तो कागद हातात घेताना मला शिसारी आली. आधी डॉक्टरांची, मग स्वतःची. शब्द आमच्याच पत्रातला होता.

“ताई, मी डोळ्यांत बघतच नाही,” ती म्हणाली. “दोन भुवयांच्या मधे बघते. शाळेत असताना आरशासमोर शिकले. ते सांगायला त्यांनी वेळच दिला नाही.”

मी म्हटलं, सोडून दे, एका कागदाने काय बदलणार आहे?

“इतकी वर्षं सगळे सांगतात, मी मुद्दाम करते. नमुन्यात शंका आली तर आपण टेस्ट पुन्हा लावतो ना?”

तिने नेरुळला एक मानसतज्ज्ञ बाई शोधल्या. नंबर लागायला काही महिने गेले. तीन बैठका ठरल्या आणि शेवटच्या बैठकीला बाईंनी तिला लहानपणापासून ओळखणारं माणूस आणायला सांगितलं. तिला आईच होती. आई दिवाळ्याला मासळी विकायची. तिला समजवायला मी गेले, तर सुरमईचे तुकडे करत ती मला म्हणाली, “आता या वयात माझ्या पोरीला येडी ठरवता काय?” तरी त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली. एकटी आत जायला घाबरली, म्हणून मलाही शेजारी बसवलं.

बाई हळूहळू विचारत होत्या. आई सांगायला लागली. “लग्नात बेंजोचा बँड वाजला का ही मासळीच्या पाटीखाली जाऊन बसायची. लोकं बोलायची, पोरगी माजलेली हाय. मंग मी मारायची. लय मारलं हाय मी तिला.” मग तिने बाईंकडे बघितलं. “म्हंजे ती मुद्दाम नव्हती करत?”

“नाही, मावशी.”

आईचा हात लेकीकडे गेला आणि मधेच थांबला. अंगाला हात लावलेला तिला चालत नाही, हे त्या माउलीला कधीपासूनच ठाऊक होतं. तिने हात सोफ्यावर, लेकीच्या बाजूला नुसता ठेवून दिला.

रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, ऑटिझम. बसस्टॉपवर तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, दुसऱ्या पानावर वय एक वर्षाने चुकलंय. तशीच परत बाईंच्या दवाखान्यात जाऊन दुरुस्त करून आली. मी हसले, तेव्हा तीही हसली.

ऑफिसात तिने त्याची प्रत देऊन दोनच गोष्टी मागितल्या: सूचना लेखी मिळाव्यात आणि टेबल पंख्यापासून लांब असावं. दुपारपर्यंत ती प्रत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, अशा व्यक्तीला लॅबमध्ये ठेवणं रिस्की आहे. तिला जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. शांत जागा तूच मागितली होतीस, असं वर ऐकवलं. तपासायला एकही नमुना देत नव्हते. अशी किळस मला त्या कारखान्याच्या नाल्याचीही कधी आली नव्हती. पण त्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही.

महिनाभराने तिने राजीनामा दिला. हल्ली ती दुसरीकडे पाणी तपासते. माझा फोन उचलत नाही, मेसेजला मात्र नेमकं उत्तर देते.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी कंपनीने केक मागवला होता. मॅनेजरने भाषण केलं, आपण सगळे एक कुटुंब आहोत वगैरे. ती केव्हाच गेटबाहेर पडली होती. ते लक्षात आल्यावर कुणीतरी म्हणालं, आता आणलाय तर वाया कशाला घालवायचा? केकवर तिचं नाव होतं. ते कापून वाटलं. एक अक्षर माझ्या प्लेटमध्ये आलं, आणि मी ते खाल्लं.