नख दोनदा वाजलं पाहिजे

सरांनी फोनवर कधी हॅलो म्हटलं नाही. म्हणजे नवीन फोन बसवला की. आमचं काम तेच, ऑफिसांमध्ये इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं. दिसायला साधा टेबलावरचाच फोन, रिसीव्हर, बटणं, सगळं तसंच, फक्त मागे टेलिफोनच्या वायरऐवजी नेटची केबल. तर फोन चालू झाला की आम्ही बाकीचे काय करतो, कुणाला तरी लावतो आणि हॅलो हॅलो, येतोय का आवाज. सर रिसीव्हर उचलायचे, नंबर लावायचे, आणि समोरच्याने उचलला की बोलतो त्या भोकांवर नखाने दोनदा वाजवायचे. टक टक. समोरच्यानेही दोनदा वाजवायचं. मग फोन झाला. नाहीतर नाही झाला. ऑफिसमध्ये त्यांचं नाव टकटक सर होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

मी जॉइन झाले त्याच आठवड्यात विचारलं, सर, हॅलो का नाही म्हणत. ते म्हणाले, "अहो मॅडम, हॅलो म्हटलं की माणूस हॅलो म्हणतो. ऐकू आलं म्हणून नाही, सवय आहे म्हणून. दोन्हीकडून हॅलो हॅलो चालू असतं आणि कुणाला काही ऐकू येत नसतं." मी तेवीस वर्षांची होते आणि ते मला अहो मॅडम म्हणायचे. सगळ्यांनाच अहो. राउटरला फक्त अरे.

आमचं पहिलं एकत्र काम सदाशिव पेठेत, एका दातांच्या दवाखान्यात. मला फार हौस. लॅपटॉप उघडला, फोनचं सेटिंग काढलं, नंबर टाकला, पासवर्ड टाकला, दहा मिनिटांत स्क्रीनवर रजिस्टर्ड असं आलं आणि फोनवर हिरवा दिवा. मी म्हटलं, सर, झालं. सर स्टुलावर बसून केबलला चिकटपट्टी लावत होते. वर न बघता म्हणाले, "दिवा लागलाय म्हणजे घरात माणूस आहे असं नाही." मग मला माझा मोबाईल घेऊन जिन्यात पाठवलं आणि आतून फोन लावला. टक टक. मला स्वच्छ ऐकू आलं. मी पण वाजवलं, टक टक. आतून काहीच नाही. मग परत त्यांची टक टक. मी परत वाजवलं. शेवटी ते स्वतः जिन्यात आले. "आपण वाजवलंत?" हो सर, दोनदा. "मला नाही आलं."

एका बाजूचा आवाज जातो, दुसऱ्या बाजूचा येत नाही, हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं दुखणं. फोन चांगला असतो, लाईन चांगली असते, पण आवाज नेटवरून पाकिटांत भरून जातो आणि मधला राउटर त्या पाकिटांवरचे पत्ते स्वतःच्या मनाने बदलतो. सरांनी त्या राउटरमधलं एक सेटिंग बंद केलं, तो परत चालू केला, आणि मला परत जिन्यात जायला सांगितलं. या वेळी दोन्हीकडून आलं. बाहेर पडताना म्हणाले, "मधल्याने शहाणपणा केला की दोघांचं बोलणं तुटतं. हे लग्न ठरवताना पण लक्षात ठेवा."

मग मार्केट यार्डात मी घोळ घातला. कांदा-बटाट्याचा मोठा गाळा, आत जुना इंटरकॉम, नऊ फोन, एक ते नऊ नंबर. ते सगळे काढून नवीन बसवायचे. मी आदल्या दिवशी नंबरांची यादी केली आणि मला वाटलं नीट करू, म्हणून नावं अकारविल्हे लावली आणि त्याप्रमाणे नवे नंबर दिले. छान तक्ता छापला, प्रत्येक फोनशेजारी चिकटवला. सकाळी माल आला आणि तक्ता कुणी बघितलाच नाही. वीस वर्षं काट्यावरच्या माणसाला सहा दाबून बोलवायचे, त्यांनी सहा दाबलं. माझ्या यादीत सहावर शेठ. शेठनी फोन उचलला तर कुणीतरी म्हणालं, "काय रे, झालास का मोकळा? चार गोणी टाकतोय, ये पटकन." शेठ म्हणाले, कोण बोलतंय. तो म्हणाला, तुझा बाप बोलतोय.

अर्ध्या तासात आम्हाला बोलावणं. मी गाडीवर मागे बसून जाताना मनात राजीनामाच लिहीत होते. शेठ काही बोलायच्या आत सर म्हणाले, "चूक माझी. जुने नंबर विचारायचे राहिले." मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मग आम्ही दोघांनी खाली बसून नऊच्या नऊ फोन परत जुन्या नंबरांवर आणले आणि सरांनी प्रत्येक फोनवरून टक टक केली. काट्यावरचा माणूस टक टक करायला तयारच नव्हता, त्याला वाटलं आपली चेष्टा चाललीये. सगळं झाल्यावर चहा घेताना सर मला एवढंच म्हणाले, "नंबर कागदावर नसतात. बोटांत असतात. बोटांना विचारायचं." परत तो विषय नाही.

ऑफिसमधला त्यांचा स्वतःचा नंबर सत्तावीस. अर्ध्या पुण्यातल्या ऑफिसांच्या बोटांत तो होता. कुठेही काही बंद पडलं की लोक कंपनीचा नंबर लावून दुसऱ्या कुणाला मागायचे नाहीत, थेट सत्तावीस दाबायचे.

एका मंगळवारी ते आले नाहीत. काकूंचा, म्हणजे त्यांच्या मिसेसचा, फोन आला की अटॅक आलाय, पण हृदयाचा नाही, मेंदूचा. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी दवाखान्यात गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "ऐकू येतं गं सगळं. कळतंही. फक्त बोलता येत नाही." सर माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीवर बसून विचार करत होते की हे सदाशिव पेठेच्या उलटं झालं, तिथे जात होतं आणि येत नव्हतं. बाकी काही वाटलं नाही. पार्किंगचं तिकीट सापडत नव्हतं, ते शोधत मी बाहेर आले.

दोन महिन्यांनी आमचे बॉस म्हणाले, सत्तावीस नंबर मोकळा कर, नवीन माणूस येतोय, त्याला दे. मी म्हटलं, आणि सर परत आले की? बॉस वाईट नाहीत. म्हणाले, "अगं, ते येणार नाहीयेत. तुलाही माहितीये." मी म्हटलं, नवीन माणूस येईपर्यंत तरी ठेवा. बरं म्हणाले.

त्याच दिवशी मी सरांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि बिबवेवाडीला त्यांच्या घरी घेऊन गेले. या फोनचं हेच चांगलंय, नेट असेल तिथे लावा, नंबर तोच राहतो. पलंगाच्या डाव्या बाजूला स्टूल ठेवलं, त्यावर फोन. घरचा राउटर उघडला आणि ते सेटिंग आधी बंद केलं. सर बघत होते. हिरवा दिवा लागला. मी म्हटलं, झालं सर. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट हलवलं, नाही असं.

काकू म्हणाल्या, "बोलता येत नाही त्याला फोन कशाला गं देतेस?" मी ऑफिसला परत आले, पाण्याची बाटली भरली, आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला. स्क्रीनवर सत्तावीस. उचलला. खूप वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग टक. मग बऱ्याच वेळाने टक. मी दोनदा वाजवलं. फोन बंद झाला.

मग रोज सव्वादहाला. पहिल्यांदा दोन टकांमध्ये खूप अंतर असायचं, मग कमी होत गेलं. मी कुठेही काम करत असले तरी सव्वादहाला टेबलावर. एकदा मला मजा सुचली आणि मी तीनदा वाजवलं. त्यांनी फोन कट केला. लगेच परत लावला. टक टक. मी गपचूप दोनदा वाजवलं. काकू नंतर म्हणाल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

पावणेदोन महिने हे चाललं. मग एका सोमवारी साडेदहा वाजले तरी फोन नाही. माझ्या स्क्रीनवर सत्तावीसपुढे हिरवा दिवा दिसत होता. मी लावला. काकूंनी उचलला आणि हॅलो म्हणाल्या. तेव्हाच कळलं. त्या म्हणाल्या, "पहाटे गेले गं. मी तुला करणारच होते." मी म्हटलं हो. त्या म्हणाल्या, "तू जेवून ये, घाई करू नको." मी म्हटलं हो. मग खरंच डबा खाल्ला आणि गेले. भेंडीची भाजी होती, अजून आठवते.

तेराव्यानंतर काकू स्वतः रिक्षाने ऑफिसला आल्या, जुन्या टॉवेलमध्ये फोन गुंडाळून. "तुमची वस्तू," म्हणाल्या. बोलायच्या भोकांपाशी प्लास्टिकवर एक बारीक पांढरा ओरखडा पडला होता. मी फोन पुसला, जुनं सगळं सेटिंग उडवलं, खरंच उडवायचं का असं दोनदा विचारतो तो, दोनदा हो म्हटलं.

नवीन माणूस म्हणजे एक बाई आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर परत नोकरीला लागलेल्या. त्यांच्या टेबलावर मी सत्तावीस लावून दिला. त्या म्हणाल्या, "मॅडम, दिवा लागला. झालं ना?" मी म्हटलं थांबा, आणि माझ्या टेबलावर येऊन त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी दोनदा वाजवलं.

"हॅलो? हॅलो मॅडम, येतोय का आवाज?"

मी परत दोनदा वाजवलं.

"हॅलो?" पार्टिशनच्या वरून मला त्यांचं डोकं दिसत होतं, त्या रिसीव्हरकडे बघत होत्या. मग पलीकडून नख वाजलं. एकदाच.

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून बसले.