घुम्याचा रिकामा खण

“घुम्या बोलत नाही, रडत नाही आणि माझ्या दारात येत नाही, याहून चांगला ट्रॅक्टर मला तरी ठाऊक नाही.”

मिस्त्री हे एकदा बोलून गेले आणि वाक्याला पाय फुटले. डिझेलच्या पंपावर, बियाण्यांच्या दुकानात, न्हाव्याच्या खुर्चीत लोक ते स्वतःचं असल्यासारखं एकमेकांना ऐकवू लागले. मिस्त्रींना त्याचं कौतुक होतं. ते दाखवत नसत एवढंच. कोणी त्यांच्यासमोर ते म्हटलं की ते स्पॅनर पुसायला घेत, आणि एरवी दोनदा पुसतात तो पाच वेळा पुसत.

घुम्या हे काही कंपनीचं नाव नव्हतं. कंपन्यांची नावं बॉनेटवर मोठ्या अक्षरांत असत, पण मिस्त्रींच्या दुरुस्तीच्या कारखान्यात ती कोणी तोंडातून काढत नसे. तिथे मोठ्या ट्रॅक्टरच्या तीनच जाती होत्या. शंभरच्या वर हॉर्सपॉवरची धुडं, मागचं चाक माणसाच्या डोक्यावरून जाणारं. त्यातल्या एकाचं बॉनेट लांबलचक, तो नाकाड्या. दुसऱ्याचं तोंड दारावर आपटल्यासारखं सपाट, तो चपट्या. तिसरा घुम्या, त्याचं इंजिन जाड पांघरुणाखाली कोणी पुटपुटावं तसं चाले.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. मोडलेला भाग मिस्त्री भंगारात टाकत नसत. तो रॉकेलमध्ये धुवायचा, पुसायचा, तारेने चिठ्ठी बांधायची आणि ज्याच्या त्याच्या खणात ठेवायचा. चिठ्ठ्या लेक लिहायची, कारण मिस्त्रींचं अक्षर दुसऱ्या दिवशी खुद्द मिस्त्रींनाच लागत नसे. ती पुढच्या खोलीत सुट्या भागांचं दुकान सांभाळायची. आतून हाक आली की पेन कानावर खोचून यायची.

“लिही. नाकाड्या. चार हजार दोनशे तास. क्लच प्लेट. दोष चालकाचा.”

“चालकाचा कसा?”

“दिवसभर पेडलवर पाय ठेवून बसतो. आरामखुर्ची समजतो. दुसरी लिही. नाकाड्या. एअर फिल्टर. दोष मालकाचा. हा बघ, यात अख्खं शेत भरलंय.”

यंत्राचा दोष आणि माणसाचा दोष ते न्यायाधीशासारखा वेगळा काढत. चौदा वर्षांत नाकाड्याचा खण ओसंडून वाहू लागला होता. चपट्याच्या खणात मोजके भाग होते, आणि त्यांतल्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘नवा भाग यायला तीन आठवडे’ असं लिहिलेलं होतं. घुम्याचा खण रिकामा; जुन्या मॉडेलचे भाग कधीच माळ्यावर गेले होते. लेक त्यात आपला जेवणाचा डबा ठेवायची.

त्या चौदा वर्षांच्या आधी कारखान्यात आणखी एक माणूस होता. त्याला सगळे डावखुरा म्हणत. मिस्त्रींच्या हाताखाली तो दहा वर्षं शिकला. मिस्त्रींना त्याचं सगळं पसंत होतं, फक्त स्पॅनर डाव्या हातात धरलेला बघवत नसे. “हात बदल,” ते म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, हसून म्हणायचे, आणि गिऱ्हाइकंही हसायची. एका सकाळी डावखुऱ्याने स्पॅनर बाकावर ठेवला, हात धुतले आणि तो गेला. कालव्यापलीकडे त्याने आपला कारखाना टाकला. मिस्त्रींनी त्याचं नाव टाकलं. पुढे कारखान्यात घुम्या यायचा बंद झाला, तेव्हा मिस्त्रींनी ताडलं की नवीन मॉडेल सुधारलं. आणि वर लिहिलेलं वाक्य जन्माला आलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एका सोमवारी संयुक्त शेतीचे अध्यक्ष आले. बावीस कुटुंबांची मिळून पाचशे एकर जमीन, आणि तीन म्हातारे ट्रॅक्टर एकदमच हात टेकायला आलेले. नवे तिन्ही एकाच जातीचे घ्यायचं ठरलं होतं, कुठल्या जातीचे यावर समितीत महिनाभर जुंपली होती.

“शेवटी ठराव करून मोकळे झालो,” अध्यक्ष म्हणाले. “मिस्त्री म्हणतील तो. गुरुवारी सभेत या आणि सांगून टाका. पुढची पंधरा वर्षं बावीस घरं तुमच्या शब्दावर नांगरणार.”

“त्यात सांगायचं काय? कपाट बघा ना,” मिस्त्री म्हणाले आणि स्पॅनर पुसू लागले.

मंगळवारी एक पार्सल चुकून कालव्यापलीकडे गेलं. ते आणायला लेक स्कूटर घेऊन गेली. डावखुऱ्याच्या अंगणात पाऊल टाकलं आणि ती तिथेच थबकली. ओळीने सात घुम्या उभे होते. प्रत्येकाची सीट काढलेली, पोट उघडं, आणि खाली ठेवलेल्या परातींत तेल थेंब थेंब पडत होतं.

डावखुरा एका घुम्याखालून सरकत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, केस विरळ झालेले. “ताई! या, या. वस्ताद कसे आहेत?”

“बरे आहेत. दादा, हे... हे सगळे एकदमच कसे आले?”

“एकदम कुठले? गेल्या महिन्यात नऊ होते. हायड्रॉलिक पंपाचं सील जातं. दोन-अडीच हजार तास झाले की गेलंच म्हणून समजा. मग मागची लिफ्ट उचलत नाही, नांगर जमिनीतच बसून राहतो.”

“पण आमच्याकडे तर एकही...”

“तुमच्याकडे कसा येईल? पंप बसवलाय सीटखाली, आडव्या पट्टीच्या मागे. उजवा हात कोपरापर्यंत जातो आणि अडतो. बाकीच्यांना वरचं सगळं उतरवायला दोन दिवस लागतात. माझा डावा सरळ आत जातो. दीड तासात काम फत्ते. म्हणून सगळा गाव मला शोधत येतो.” तो हसला. त्या हसण्यात अढी नव्हती. लेकीला तेच सहन झालं नाही.

परत येताना पार्सल तिच्या पायांशी होतं. गुरुवारी बाबा पाचशे एकरांना घुम्या घ्या म्हणून सांगणार. ऐन पेरणीत नांगर जमिनीत बसतील. आणि ज्या शब्दावर हा माणूस आयुष्यभर ताठ उभा राहिला, तोच त्याच्या पायाखालून निघून जाईल. सांगावं तर आज मोडेल. न सांगावं तर दोन वर्षांनी, आणि बावीस घरांसकट.

दुपारी जेवताना तिने सांगून टाकलं. “बाबा, घुम्या रडतो. दुसऱ्याच्या दारात रडतो.”

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं ते भलतंच. “तू त्याच्याकडे गेली होतीस?”

“पार्सल आणायला गेली होती,” आई म्हणाली. “आणि गेली तर काय झालं? त्याने विचारलं का, वस्ताद कसे आहेत म्हणून?”

“विचारलं,” लेक म्हणाली.

“ऐकलंत? तुम्ही चौदा वर्षांत एकदा तरी विचारलंत?”

“नवीन मॉडेल सुधारलं, असं मला...” मिस्त्री अर्ध्यावर थांबले.

“हो, हो. आणि मी डॉक्टरकडे जायची थांबले, की माझी तब्येत सुधारली. डॉक्टर बदलला असेल, हे नाही सुचत तुम्हाला.”

मिस्त्री उठले. ताट तसंच राहिलं. कारखान्यात जाऊन ते कपाटासमोर उभे राहिले. लेकीने दारातून पाहिलं. घुम्याच्या खणात तिचा डबा होता, तो त्यांनी उचलला, बाकावर ठेवला आणि रिकाम्या पत्र्यावरून तळहात फिरवला. तिथे धूळसुद्धा नव्हती. ती रोज पुसायची.

“मी विचारायचंच विसरलो,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “जो येत नाही, तो जातो कुठे?”

बुधवारी सकाळी ते स्कूटरवर तिच्या मागे बसले. तिने स्कूटर कालव्याकडे वळवली.

डावखुऱ्याने त्यांना पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. दोघांमध्ये सात ट्रॅक्टर उभे होते. मिस्त्री ओळीच्या कडेकडेने चालत गेले, एकेकाच्या उघड्या पोटात डोकावत, दवाखान्यात नातलग शोधावा तसे. चौथ्यापाशी थांबून त्यांनी बाही वर केली आणि उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. त्यांनी खांदा वळवला, दात आवळले, आणखी रेटलं. मग ओढून पाहिलं. हात येईना.

“बाबा?”

“काही नाही. बघतोय.”

“अडकलाय का?”

“अडकलाय कसला! बघतोय म्हटलं ना!”

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डावखुरा सावकाश पुढे आला, दुसऱ्या बाजूने त्याने आपला डावा हात आत सोडला. “ओढू नका वस्ताद. सैल सोडा. मूठ उघडा... अंगठा आत घ्या. हां. आता या बाहेर.”

हात सुटला. मनगटावर खरचटलं होतं, वर काळं तेल. डावखुऱ्याने स्वच्छ फडकं पुढे केलं. दोघं बराच वेळ त्या मनगटाकडेच बघत राहिले, कारण तोंडाकडे बघायला दोघांनाही जड जात होतं.

“अंगठा आत घ्यायचा,” मिस्त्री म्हणाले. “हे तुला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच. हात तेवढा दुसरा होता.”

शेडच्या आत तेलाची रिकामी पिंपं कापून मांडणी केलेली होती. त्यात मोडके भाग, धुतलेले, पुसलेले, तारेने चिठ्ठ्या बांधलेल्या. अक्षर उलट्या अंगाला झुकणारं, पण तीच भाषा: घुम्या, दोन हजार तीनशे तास, पंपाचं सील, दोष कंपनीचा. मिस्त्री एकेक चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचत गेले. ओठ हलत होते.

“नाकाड्याचा खण कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“तो येतच नाही माझ्याकडे. म्हणून तर मी सगळ्यांना सांगतो,” डावखुरा उत्साहाने म्हणाला, “ट्रॅक्टर घ्यावा तर नाकाड्या! बिघडणं त्याला माहीतच...”

तो मध्येच थांबला. लेकीने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून निसटलं. मग मिस्त्री हसले. त्यांचं हसू इंजिनासारखं आधी नुसतंच घरघरलं आणि मग एकदम लागलं. डावखुऱ्याला तेव्हा उलगडा झाला. तो पिंपावर बसला आणि डोळे पुसू लागला.

“गाढवा,” मिस्त्री म्हणाले. चौदा वर्षांनी इतक्या मायेचा शब्द त्याच्या वाट्याला आला होता. “उद्या सभेला ये. चिठ्ठ्या घेऊन.”

गुरुवारी सभागृहात पन्नासेक माणसं होती. समोर टेबल, टेबलामागे एक खुर्ची मिस्त्रींसाठी. अध्यक्षांनी प्रास्ताविक लांबवलं आणि शेवटी मिस्त्रींचं ते वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. लेक पहिल्या रांगेत दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. एकीत घरच्या चिठ्ठ्या, दुसरीत कालव्यापलीकडच्या. डावखुरा भिंतीला टेकून उभा होता. पाठ भिंतीत शिरेल इतका टेकून.

मिस्त्री बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “हे वाक्य चुकीचं आहे. मीच बोललो होतो, म्हणून मीच सांगतो.”

कोणाला तरी ही थट्टा वाटली. हशा उठला आणि विरला.

“घुम्या बिघडतो. चांगला बिघडतो. याच्याकडे जाऊन बिघडतो.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “मला दिसला नाही, म्हणून मी त्याला निरोगी धरला. हा माणूस माझ्याकडून गेला तो माझ्या तोंडामुळे. कामात तो कुठे चुकला नव्हता. त्याच्याबरोबर घुम्याही गेला, आणि मला ते कळलंच नाही.”

“अहो मिस्त्री,” मागून आवाज आला, “माझ्या मेहुण्याने तुमच्या शब्दावर घुम्या घेतलाय! पंप दोनदा गेला. त्याला मी काय सांगू?”

“सांगा, मिस्त्री चुकला. माझं नाव घेऊन सांगा.”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. लेकीला वाटलं, बाबा आता वाकतील. वाकले नाहीत. तिने उठून दोन्ही पिशव्या टेबलावर उपड्या केल्या आणि ती चिठ्ठ्या तासांप्रमाणे लावू लागली.

“मग चपट्या घेऊ या का?” अध्यक्षांनी आशेने विचारलं. “दोघांकडेही त्याच्या चिठ्ठ्या कमीच दिसतात.”

“तो तिसऱ्याच कोणाच्या दारात रडत असेल,” लेक म्हणाली, आणि या वेळी हशा मोकळा होता.

मग डावखुऱ्याला पुढे बोलावलं. तो चाचरत सुरू झाला आणि चिठ्ठ्या हातात आल्यावर सावरला. नाकाड्या वरचेवर कुरकुरतो, पण ते दुखणं किरकोळ. फिल्टर वेळेवर साफ केला, क्लचवरचा पाय काढला, तर निम्म्या चिठ्ठ्या लिहाव्याच लागल्या नसत्या. आणि उरलेलं चालक शेतातच उरकू शकतो. घुम्याला रोजची सेवा कमी लागते, पण बसला की असा बसतो की दुसऱ्या माणसाशिवाय उठत नाही. माणसं पुढे सरकून ऐकू लागली. कोणी वही काढली. कोणी विचारलं, तेल किती तासांनी बदलायचं. त्याने सांगितलं.

“ते सगळं ठीक,” अध्यक्ष मध्येच म्हणाले, “पण ठरावात लिहिलंय, मिस्त्री म्हणतील तो. तेव्हा मिस्त्री, तुम्हीच सांगा. कुठला?”

सगळ्या माना वळल्या. मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं, टेबलावर मिसळून पडलेल्या दोन हातांच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, डावखुऱ्याच्या मागे नेऊन ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. तो उठू लागला तेव्हा पुन्हा दाबलं. अध्यक्ष तोंड उघडं ठेवून उत्तराची वाट बघत होते. मिस्त्रींनी बाही खाली ओढून मनगटापाशी बटण लावलं, रांगांच्या मधून दारापर्यंत चालत गेले आणि “हा म्हणेल तो,” एवढं सांगून बाहेर पडले.