तिसरं कोटेशन

वेणीमाधव औरादकर एका सरकारी कार्यालयाच्या भांडार विभागात बत्तीस वर्षं होते, आणि या बत्तीस वर्षांत त्यांच्या एकाही खरेदीवर ऑडिटचा आक्षेप निघाला नाही. निरोप समारंभात साहेबांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला शिपाई मात्र शेजारच्याच्या कानात म्हणाला, "खरेदी झालीच कुठं, आक्षेप निघायला?" शिपाई जरा अन्यायच करत होता. एकदा पंखे मागवले होते. ते आले तेव्हा हिवाळा होता, आणि ज्या खोलीसाठी मागवले ती खोली पाडून झाली होती. पण कागद चोख होते.

असा माणूस निवृत्त होऊन जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी चोवीस तास राहायला आला, तर घराचं काय होतं ते अनसूयाबाईंना विचारावं. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणजे खोडकर मुलं सांभाळायची सवय होती. पण मुलं निदान चार वाजता घरी जातात.

अनसूयाबाईंची आई, हेमावतीबाई, मैंदर्गीला एकट्या राहायच्या. वय एक्याऐंशी, जीभ तिखट, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि परत यायच्या. लेकीकडे राहायला ये म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असे, "बेड!" म्हणजे नको. लेकीला मुलगा होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न घेऊ नये, ही जुनी चाल त्यांनी पक्की धरली होती. अनसूयाबाईंना एकच मुलगी, उत्कर्षा, ती आता पुण्यात नोकरीला. तेव्हा हेमावतीबाईंच्या लेखी ही बंदी उठण्याचा प्रश्नच नव्हता. वेणीमाधवरावांना, खरं सांगायचं तर, सासूबाईंची ही गोष्ट मनातून आवडायची. काही झालं तरी नियम होता तो.

अडीच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मात्र म्हातारी न्हाणीघरात घसरली, आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"येते मी. पण जावयाच्या खाटंवर निजणार न्हाय आन जावयाचं धान्य खाणार न्हाय. माझा पलंग, माझं जातं, माझी ज्वारी आन माझं तुळशीवृंदावन, एवढं आलं तर मी आले. न्हायतर साकु, पुरे."

अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत आई एक रात्र त्यांच्या घरी राहिली नव्हती. त्या लगेच म्हणाल्या, "समोरच्या शिवपुत्राला सांगते की. टेम्पो आहे त्याचा. एका खेपेत सगळं येईल."

"भाजीच्या टेम्पोत सासूबाई?" वेणीमाधवरावांनी चष्मा काढला. "अगं, घरची गाडी हवी. पिकअप. आज आईंचं सामान, उद्या उत्कर्षाचं, परवा नळाला पाणी नाही आलं तर टाकी भरून आणता येईल. आणि ती पोर्चमधली मोटार ओढून न्यायची कशानं?"

ही मोटार म्हणजे चौदा वर्षं बंद पडलेली पांढरी गाडी. तिच्या आत दोनदा मांजर व्यालं होतं. खालच्या खोलीचं दार पोर्चमध्ये उघडायचं, आणि मोटार असेपर्यंत त्या दारातून पलंग आत जाणं शक्य नव्हतं. ती भंगारात का दिली नाही, असं विचारलं की वेणीमाधवराव सांगायचे की वस्तू ज्यानं वापरली, ज्यानं तपासली आणि ज्यानं मोडीत काढली, ते तिघे एकच असता कामा नयेत. घरात हे तिघेही तेच होते. म्हणून मोटार उभी होती.

तर असं ते गाडं अडलं. आई यायची तर खोली मोकळी हवी, खोलीसाठी मोटार हलायला हवी, मोटारीसाठी पिकअप हवी, आणि पिकअपसाठी तीन कोटेशनं हवीत. दोन दिवसांत वेणीमाधवरावांनी निळ्या पुठ्ठ्याची फाईल केली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय: घरगुती सामान वाहणे व बंद वाहन ओढणे यासाठी पिकअप खरेदीबाबत.' त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा तेज आलं. आयुष्यात एक तरी मोठी खरेदी करायची, निर्दोष करायची, असं त्यांच्या मनात कधीपासून होतं. कार्यालयात तो योग आला नाही तो घरात आला होता.

पहिलं काम म्हणजे गरज निश्चित करणं. त्यांनी अनसूयाबाईंना टेप देऊन मैंदर्गीला पाठवलं. पलंगाची लांबी-रुंदी आली, ज्वारीची पोती मोजून आली, सहा. दगडी वृंदावनाचं वजन मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मला काय म्हाइत?" हेमावतीबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी दोन बैल लावून आणलंवतं."

वेणीमाधवरावांनी रकान्यात लिहिलं, 'वजन: दोन बैल (अंदाजे).'

मग शोरूमच्या फेऱ्या सुरू झाल्या. होटगी रोडच्या शोरूममध्ये अभिमन्यू नावाचा विक्रेता होता. तो उत्साहानं म्हणाला, "बसा काका. धंदा कशाचा? कांदा? पाण्याचे जार?"

"घरगुती."

"घरगुती म्हणजे?"

"म्हणजे सासूबाई."

अभिमन्यूनं पाणी मागवलं. त्याच्या नोकरीत सासूबाई वाहून नेण्यासाठी पिकअप मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच होतं. पुढच्या भेटीत काकांनी ज्वारीचं एक पोतं आणि काठोकाठ भरलेली पितळी कळशी बरोबर आणली. दोन्ही मागच्या हौद्यात ठेवली, स्वतः शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता विजापूर रोडला घे. स्पीडब्रेकर टाळायचे नाहीत." परत आल्यावर कळशीतलं पाणी तांब्यानं मोजलं. दीड तांब्या सांडलं होतं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत पाऊण तांब्या सांडलं. वेणीमाधवरावांनी दोन्ही आकडे तक्त्यात भरले. मोटार ओढायच्या हुकाबद्दल विचारलं तर अभिमन्यू म्हणाला, "ते मागाहून बसवून देऊ की." 'मागाहून' हा शब्द स्वतः वेणीमाधवरावांनी बत्तीस वर्षं वापरला होता, त्यामुळे त्यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. हूक लेखी मागितला गेला.

मग अभिमन्यूनं भलेपणानं एक युक्ती केली. काकांना तीन कोटेशनं हवीत ना, मग त्यानं तीन वेगवेगळ्या नावांची तीन कोटेशनं एकदमच आणून दिली. तिन्हींत 'वाहन'चं 'वहान' झालं होतं. वेणीमाधवरावांना भरून आलं. कार्यालयातल्या पुरवठादारांची आठवण झाली, जुने दिवस डोळ्यांपुढं आले. पण ती कोटेशनं त्यांनी नाकारली. कार्यालयात चाललं असतं. घरच्या खरेदीत असला गैरप्रकार त्यांना खपला नसता.

असं होत होत वर्ष गेलं. नवीन मॉडेल आलं, जुनी कोटेशनं बाद झाली. पुन्हा कळशी, पुन्हा पोतं. मग जीएसटी बदलला आणि किमती उतरल्या. सगळा देश खूश झाला. वेणीमाधवरावांना नवा तक्ता आखावा लागला. दर महिन्याला अनसूयाबाई विचारायच्या, "झालं का हो?" आणि ते म्हणायचे, "तिसरं कोटेशन यायचंय." हे ऐकलं की स्वयंपाकघरात भांडी आपटायची. शिवपुत्र सकाळी मार्केट यार्डातून भाजी टाकून यायचा, टेम्पो दारात रिकामा उभा करायचा आणि हसत विचारायचा, "काकू, जाऊ का मैंदर्गीला? दोन तासाचं काम हाय." अनसूयाबाई नवऱ्याकडे बघायच्या. नवरा फाईल बघत असायचा.

यंदा फेब्रुवारीत मैंदर्गीहून शेजाऱ्यांचा फोन आला. हेमावतीबाईंचा उजवा डोळा गेला होता. काचबिंदू. रोज तीन वेळा थेंब घालायचे होते, पण एकट्या बाईच्या थरथरत्या हातानं ते गालावरच पडायचे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

वेणीमाधवराव त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटल्यावर जे करता येतं असं त्यांना माहीत होतं तेच त्यांनी केलं. फाईल काढली आणि तिच्यावर लाल चिठ्ठी लावली, 'अतितातडीचे'.

अनसूयाबाईंनी ते पाहिलं. "माझ्या आईचा डोळा गेला आणि तुम्ही चिठ्ठी लावताय?" त्यांचा आवाज फाटला. "घर बघायचं होतं तिला माझं. दोन डोळ्यांनी!"

"मी उद्याच लातूरला जातो," वेणीमाधवराव खाली मान घालून म्हणाले. "तिसरं तिथं मिळेल."

आणि ते खरंच गेले. सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं, कळशी बरोबर होतीच, आणि दुपारी शिक्क्यासकट कोटेशन पिशवीत घालून परत फिरले. तीन पूर्ण झाली होती. सोलापूर स्टँडवर उतरताना त्यांना वाटलं, आता अनसूयेला तोंड दाखवता येईल.

संध्याकाळी गल्लीत वळले तर पांढरी मोटार समोरच्या लिंबाखाली उभी. त्यांना आधी ओळखूच येईना, कारण सोळा वर्षं त्यांनी ती फक्त समोरून पाहिली होती. बोनेटवर शिवपुत्र चहा पीत बसला होता.

"ही इथं कशी आली?"

"ढकलली की काका. चाकात हवा भरली, मी आन शेजारचे दोघं लागलो, गेली बघा. धा मिंटं."

"पण ती जाम आहे. मी तशी नोंद केलीय."

"नोंद केली आसंल की. ढकलून कुणी बगितली नव्हती."

पोर्चमध्ये सहा पोती भिंतीला लावलेली, पायरीशी वृंदावन. दोन बैलांचं ते वृंदावन चार सुट्या चिऱ्यांचं निघालं होतं. पलंग अजून पोर्चमध्येच होता, आणि त्यावर हेमावतीबाई बसल्या होत्या. पायांची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, जरा जास्तच वळवली, डावा डोळा समोर येईल इतकी.

"कोण?"

"मी, वेणीमाधव."

"आलाव का. बसा की. अनसूया, जावयांना पाणी दे."

स्वतःच्या पोर्चमध्ये कुठं बसावं ते वेणीमाधवरावांना कळेना. पलंग त्यांचा नव्हता. ते पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घट्ट धरली. 'विलंबाबद्दल क्षमस्व' हे शब्द त्यांनी आयुष्यात हजार वेळा लिहिले होते, पण तोंडानं एकदाही म्हटले नव्हते.

"आई, उशीर झाला," ते शेवटी म्हणाले. "माझ्यामुळं झाला."

"व्हय, झाला की. लई झाला." म्हातारीनं अजिबात सावरून घेतलं नाही. मग विचारलं, "गाडीचं काय केलाव?"

"तिन्ही कोटेशनं आली. उद्या बुकिंग करून टाकतो."

"आता कशाला गडबड?" त्यांनी पलंगाच्या कडेवरून हात फिरवला. "ऐका. मी आले त्या टेम्पोतनं; भाजीच्या वासानं जीव गेला माझा. पण हितनं जाईन ती तुमच्या गाडीतनं. शेवटची खेप हाय, भाड्याच्या गाडीत न्यायचं न्हाय मला, आताच सांगून ठेवते. चांगली, बघून घ्या. तुमची गाडी येईतवर मी हितनं हलत न्हाय."

अनसूयाबाई तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना आधी कळलं. वेणीमाधवरावांना जरा वेळानं कळलं, तोवर हातातला तांब्या रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमन्यूचा फोन आला. "काका, लातूरचं मिळालं ना? मग झाली की तीन! बुकिंग टाकू का? सोमवारी गाडी दारात."

वेणीमाधवरावांनी फाईल उघडली. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, हूक, कळशीचे आकडे, सगळं जागच्या जागी. त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या खरेदीची पूर्ण फाईल. त्यांनी खिडकीतून पोर्चकडे पाहिलं. हेमावतीबाई स्वतःच्या ज्वारीची कडक भाकरी चाचपत दुधात कुस्करत होत्या. भाकरी लेकीच्या चुलीवर झाली होती, पण त्याबद्दल नियम काय म्हणतो हे कुणी विचारलं नव्हतं. अनसूयाबाई थेंबाची बाटली घेऊन शेजारी थांबल्या होत्या. वेणीमाधवरावांनी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. कागद उजेडात धरून पाहिले. अखेर सापडलं.

"अभिमन्यू, लातूरच्या कोटेशनवरचा शिक्का पुसट आहे. फेरकोटेशन मागवावं लागेल."

"अहो काका! किती दिवस लागतील?"

"तसं सांगता येत नाही. नियमानं लागतील तेवढे."

त्यांनी फोन ठेवला आणि फाईलवरची लाल चिठ्ठी नखानं हळूच काढली. भांडी आपटतील म्हणून कान टवकारले. पोर्चमध्ये अनसूयाबाईंनी आईच्या डाव्या डोळ्यात थेंब घातला, बाटलीचं टोपण लावलं आणि तिथूनच म्हणाल्या, "नीट बघा हो. घाई नको."