आतडं जितं हाय तवर

आख्ख्या मराठवाड्यात मेलेल्या कोंबडीची आमच्या मामांइतकी काळजी कुणी घेतली नसंल. मामा म्हणजे गेवराईतल्या आमच्या फार्मसी कॉलेजचे लॅबचे शिपाई. पोरं, सर, प्राचार्य, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मी शिकत होतो त्या वर्षांत गावोगाव विनाअनुदानित कॉलेजं निघाली, तसं आमचंही एका बंद जिनिंगच्या शेडात निघालतं. मामा उमापूरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सकाळी कोंबडीवाल्याकडून ताजं आतडं घ्यायचे अन् कोमट मिठाच्या पाण्यासकट चहाच्या थर्मासात घालून आणायचे. एकदा नव्या मॅडमनी तो थर्मास मोठ्या विश्वासानं कपात ओतला. पुढं महिनाभर त्यांनी कॉलेजात चहा घेतला नाही.

प्रयोग असा की आतड्याचा बोटभर तुकडा कोमट पाण्याच्या नळीत टांगायचा अन् वरच्या टोकाचा दोरा एका काडीला बांधायचा. औषधाचा थेंब पडला की आतडं आवळायचं, काडी हलायची, अन् काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर पांढरी रेघ चढायची. कोंबडी मरून चार तास झाले तरी! आतडं किती ताणायचं ते काडीला लावलेल्या मेणाच्या गोळीवर ठरायचं, अन् तिथं मामांचं बोट पुस्तकाच्या पुढं होतं. "दंडाच्या मासाची जात येगळी," ते सांगायचे. "त्याला ठरीव लांबीवरच जोर येतो, जरा जादा ताणलं की गळपटतं. आतडं लई सोशीक. ताणलं की आदी अडून बसतं, मंग ढिलं पडतं, नव्या लांबीला राजी होतं, अन् तिथूनबी पुन्ना जोर लावतं. सूनबाईवानी."

"अन् लईच ताणलं तर, मामा?"

"मंग सूनबाई म्हायेरी जाती. पुन्ना येत न्हाई."

ताणून बांधलं की अर्धा तास हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. "बसू द्या त्याला," म्हणत स्टुलावर पायावर पाय टाकून ते राखण करायचे, मेंढरांची करावी तशी. पंखा बंद, दार आपटलं की शिवी. लघवीलासुद्धा उठायचे नाहीत. "आतडं जितं हाय तवर मी हालत न्हाई." मी त्यांची नक्कल करायचो, नाकातल्या आवाजासकट. एकदा वर्ग खदाखदा हसताना एकदम गप झाला. मागं मामा उभे. मला वाटलं, गेलो आता. मामा म्हणाले, "पाय उलटा टाकलास बे. उजवा वर पायजे."

फायनलच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आलते. मला वाटलं, जास्त ताण दिला की रेघ उंच जाईल, म्हणून मी बोराएवढी गोळी चिकटवली. आतडं लोंबकळलं. थेंबावर थेंब टाकले, रेघ आडवीच. मामांनी थर्मासाच्या तळातून शेवटचा तुकडा काढला, बांधला, अन् पुन्हा स्टुलावर बसले. सकाळपासून ते लघवीला गेले नव्हते. कपाळावर घाम, ओठ आवळलेले.

"मामा, जाऊन या की."

"मी गेलो की तू परत गोळी लावशील. गप बस."

माझी रेघ झकास चढली. मी पास झालो. मामा शेडामागं गेले अन् लई वेळानं पांढऱ्याफटक तोंडानं परत आले. "येईना बे."

डॉक्टरांनी लघवीची नळी घातली. वयामुळं प्रोस्टेटची गाठ आधीच सुजलेली होती, त्यात लघवीची पिशवी बेसुमार ताणली गेलेली. ती आता आवळंना. "आतड्याचीच जात ती," मामा मला म्हणाले. "राजी हुईल."

तीन आठवड्यांनी बीडला नळी काढली, लघवी आपसूक होते का बघायला. दवाखान्याच्या बाकड्यावर मी शेजारी बसलो. मामा दोन तांबे पाणी प्यायलेले.

"ताणल्यावर किती थांबायचं?"

"अर्धा तास, मामा."

"मंग बस."

अर्धा तास गेला. आणखी एक गेला. मामा दोनदा मोरीत जाऊन तसेच परत आले. शेवटी सिस्टर नवी नळी घेऊन आल्या, तसे ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई म्हायेरी गेली रं."

पुढं दोन वर्षं पायजम्याच्या आत मांडीला नळीची पिशवी बांधून मामा थर्मास घेऊन येत राहिले. मग मामाच गेले, थर्मास आला नाही.

आता माझं लिंबागणेशला मेडिकल आहे. गिऱ्हाईक नसलं की दोस्त बसतात, सरांची, मॅडमची नक्कल करायला लावतात. मामांची कर म्हटले की मी स्टुलावर बसतो, उजवा पाय वर टाकतो. तेवढंच. पुढचं जमत नाही.