उत्तरेची हद्द

आमच्या मामेसासऱ्यांइतका मितभाषी मनुष्य घनसावंगी तालुक्यात दुसरा झाला नाही आणि त्यांनी जीव लावला तो तालुक्यातल्या सर्वांत बडबड्या जीवाला, असे तहसील कचेरीसमोर सव्वीस वर्षे अर्ज लिहिणारा मनुष्य या नात्याने मी अधिकाराने सांगतो. गावतळ्यातल्या बोरूच्या बेटात राहणारा वटवट्या पक्षी, तो हा जीव. रंग मातीचा, आकार चिमणीहून किंचित मोठा, दर्शन दुर्लभ. आवाज मात्र बांधावरच्या भांडणात शोभेल असा. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून तळ्याजवळ येताच मामा चपला हातात घेत. माझ्या वरातीचा बँडसुद्धा त्यांनी तळ्याच्या वळणावर थांबवला होता. "आत अंडी हायेत," एवढेच बोलले. वऱ्हाडी चिडीचूप झाले आणि वटवट्याने बँडहून मोठा गळा काढला.

मागच्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचे ठरले. सोमवारी यंत्र येणार, बोरू मुळासकट जाणार. आणि घरट्यातल्या पिल्लांना उडायला अजून आठवडा होता. आयुष्यात कोणाकडे काही न मागितलेले मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"जवाईबापू, जल्दी लिव्हा. पिल्लं उडूस्तोर थांबा म्हणावं."

चतुःसीमेवाचून अर्ज लंगडा असतो, हे मी त्यांना समजावले. "घरट्याच्या चारी बाजूंना काय आहे, सांगा."

"पूर्वेला पाणी. पश्चिमेला पाणी. दक्षिणेला पाणी."

"आणि उत्तरेला?"

"ते न्हाई सांगत. कागदावर आलं की धा जण बघाया येतील. मंग पिल्लं जगतील व्हय?"

"मामा, जागाच कळली नाही तर साहेब वाचवणार काय?"

मामांनी दौत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "उत्तरेला मी. बाभळीखाली रोज बसून राह्यतो. तेवढंच लिव्हा."

असा मजकूर माझ्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता. तरी लिहिले : 'उत्तरेस अर्जदार स्वतः.' साहेबांनी दोनदा वाचले, हसले आणि शेरा मारला : उत्तरेकडील बोरू पिल्ले उडेपर्यंत राखावा.

सोमवारी यंत्राने तीन बाजू ओरबाडून काढल्या. चौथ्या बाजूला, बाभळीखाली, मामा बसून होते. पुढच्या सोमवारी ते पुन्हा टेबलाशी आले. "उडाली," म्हणाले आणि माझ्या वाटणीचा चहासुद्धा पिऊन गेले.

यंदा उपसलेल्या जागी नवा बोरू मांडीइतका वाढला आहे. परवा मी प्रथमच त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. आतून कोणीतरी न दिसता कडाडून बोलत होते.

"मागच्यातलाच का हो?"

"त्यातलाच एखांदा."

मामा आता थकले आहेत. उठताना बाभळीचा आधार घेतात. त्या अर्जातल्या तीन हद्दी गाळाबरोबर बदलून गेल्या. उत्तरेची मात्र अजून कायम आहे.